सहा डिसेंबरचं ऊन

बालाघाट स्टेशनावर उतरून ऑटोवाल्याला "ऊनवाल्या चंपाबाईकडे" म्हटलं, की जुना ऑटोवाला असेल तर बरोबर बोळीच्या तोंडाशी आणून सोडतो. नवा असेल तर त्याला वाटतं, बाई पापड-कुरड्या वाळवून विकत असेल. तसं काही नाही. चंपाबाई रामटेके, वय एकोणसत्तर, सकाळ-संध्याकाळ त्रिशरण पंचशील म्हणणारी, पांढऱ्या लुगड्यातली साधी बाई. तिच्या घरात ऊन येतं, एवढीच तिची ख्याती.

ऊन कोणाच्या घरात येत नाही? पण चंपाबाईच्या घरातलं ऊन निराळं. तिच्या बैठकीच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीला, अगदी वर, छपराच्या खाली एक रोशनदान, म्हणजे लहानसा झरोका, आहे. समोरच्या भिंतीशी लाकडी पाटावर हातभर उंचीची बुद्धाची मूर्ती. सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, घड्याळात बाराचे ठोके पडतात तेव्हा त्या रोशनदानातून उन्हाची एक पट्टी आत उतरते आणि मूर्तीच्या पायांवर येऊन टेकते. पाटावर नाही, मांडीवर नाही, पायांवर. आठ-दहा मिनिटं राहते आणि पूर्वेकडे सरकून निघून जाते. दुसऱ्या दिवशी केसभर वर. अशी पंधरा दिवस चढत चढत मांडीवरच्या हातांपर्यंत जाते आणि मग आल्या वाटेनं उतरते. उन्हाळ्यात ती घरात येतच नाही.

आणि हे आपोआप झालेलं नाही. हे पुनारामनं केलेलं होतं.

पुनाराम म्हणजे चंपाबाईचा नवरा. उकव्याच्या मॅंगनीज खाणीत तीस वर्षं सर्वेच्या साहेबांच्या हाताखाली होता. काम धागा धरायचं. जमिनीच्या पोटात बोगदा सरळ न्यायचा तर वरच्या दगडात दोन खिळे ठोकतात, त्यांना दोन धागे लोंबत सोडतात, खाली वजन बांधतात. एक माणूस मागं दिवा घेऊन उभा राहतो. पुढच्यानं एक डोळा मिटून पाहायचं. दोन धागे एकावर एक येऊन एकच दिसला आणि दिवा त्याच्या आड गेला, की रेघ सरळ. मग त्या रेघेवर दगड फोडत जायचं. पुनाराम चौथीपर्यंत शिकलेला, पण साहेब म्हणायचे, याचा डोळा धाग्याला चिकटतो.

हिवाळ्यात तो अंधारात खाली उतरायचा आणि अंधार पडता पडता वर यायचा. आठवड्यात सुट्टीचा एक दिवस सोडला तर ऊन नाही. चंपाबाईला तो सांगायचा, "खाली एवढी रेघ सरळ करतो, पन ती जाते कुठं? अजून अंधारात."

बालाघाटला प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा मिस्त्रीला त्यानं रोशनदान कुठं ठेवायचं ते बोट लावून दाखवलं. घर झालं, पण मूर्ती बसेना. मूर्ती ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेली. वॉर्डातल्या बाया चंपाबाईला टोमणे मारायच्या, "काय व, सोता पलंगावर झोपता अन् तथागताले ट्रंकेत ठेवता?" चंपाबाई मान खाली घालून निघून यायची आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायची. तो म्हणायचा, "सहा डिसेंबर येऊ दे."

पहिल्या वर्षी आभाळ भरून आलं. दुसऱ्या वर्षी त्याची ड्यूटी, रजा मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी तो आदल्या रात्रीच्या बसनं उकव्याहून आला. सकाळी अंघोळ करून रिकाम्या भिंतीसमोर मांडी घालून बसला. बारा वाजले. पट्टी उतरली. त्यानं निळीच्या काडीनं भिंतीवर एक ठिपका दिला, त्या ठिपक्याखाली पाट सरकवला, ट्रंक उघडली आणि मूर्ती बसवली. मग शिडी लावून रोशनदानाच्या चौकटीत एक खिळा ठोकला. चंपाबाईनं विचारलं, "हे कायले?" तो म्हणाला, "लागंल कधी."

तेव्हापासून दर सहा डिसेंबरला तो तिथंच निळीचा ठिपका द्यायचा, उन्हाची खालची कड जिथं टेकेल तिथं. चार वर्षं आभाळ होतं, ती गेली. बाकी आजवरचे तीस ठिपके. आणि नवल हे की भिंतीवर पाहायला गेलं तर तीस दिसत नाहीत. एकच दिसतो. डाळीच्या दाण्याएवढा, जरा जाडसर. तीस वर्षं ठिपक्यावर ठिपका. पृथ्वी एवढी मोठी, सूर्य एवढा लांब, आणि दोघं मिळून दरवर्षी चंपाबाईच्या भिंतीवर डाळीच्या दाण्याएवढीही चूक करत नाहीत. हे मनात आलं की तिच्या अंगावर शहारा यायचा. ती हात जोडायची, पण नेमके कोणाला ते तिला सांगता आलं नसतं. तथागतानं तर सांगून ठेवलेलं, कोणापुढं मागू नका. ती मागत नव्हतीच. नुसती पाहत होती.

सात वर्षांपूर्वी पुनाराम गेला. त्यानंतरचे ठिपके चंपाबाईनं दिले. त्या दिवशी वॉर्डातल्या बाया पांढरे कपडे घालून यायच्या, वंदना व्हायची, पट्टी पायांवर आली की सगळ्यांचा श्वास थांबायचा. ज्या बाया ट्रंकेवरून टोमणे मारायच्या, त्यांच्याच सुना आता पोरांना कडेवर घेऊन दाखवायच्या.

तर अशा घराच्या दक्षिणेला, चार फुटांची बोळ सोडून, वीरेंद्रचं घर. वीरेंद्र वारासिवनीच्या राईस मिलमध्ये मुनीम. माणूस चांगला. पुनारामच्या शेवटच्या आजारात त्यानंच गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं होतं. त्याची बायको नूतन दिवाळीचा फराळ पहिल्यांदा काकीकडे पाठवायची, मग इतरांकडे. पण मुलगी बारावीला आलेली, गावाहून म्हातारे आई-बाप कायमचे राहायला येणार, आणि घरात खोल्या दोनच. त्यानं दुसरा मजला चढवायचं ठरवलं. पुढं रस्त्याच्या अंगाला ऐसपैस बालकनी, मागं चंपाबाईच्या अंगाला दोन खोल्या, बोळीच्या काठापर्यंत.

फेब्रुवारीत चंपाबाई त्याच्याकडे गेली होती. म्हणाली, "बापू, तुया खोल्या चढल्या की माहं सहा डिसेंबरचं ऊन जाते."

वीरेंद्र हसला. "काकी, एवढंच ना? एक एलईडी लावून देतो रोशनदानात. बारा महिने उजेड. लाइट गेली तं बॅटरीवाला लावतो."

नूतननं त्याला कोपरानं ढोसलं, पण चंपाबाई उठून आली होती.

उजेड आणि उजेडात काही फरक असतो, हे त्याला कसं सांगावं, तिला कळेना. तिनं सांगितलं नाही. सून आम्रपालीनं मात्र मनावर घेतलं. मुलगा नागसेन नोकरीला नागपूरला, घरात या दोघीच. आम्रपालीनं नगरपालिकेत हिंदीतून आपत्तीचा, म्हणजे हरकतीचा, अर्ज दिला: पडोसी के निर्माण से हमारे घर की धूप बंद होगी. पावती आणून फ्रिजवर चिकटवली.

दोन आठवड्यांनी वीरेंद्र दारात. हातात नोटीस.

"काकी, हे काय? मले बोलल्या असत्या. कागद काहून?"

"बोलली होती ना बापू. तू बल्ब देऊन राह्यला होता."

"मजाक केली होती मी! आता माहा नक्शा अडकला. बाबूजी गावाले सामान बांधून बसले आहेत, त्यायले काय सांगू, सूर्यानं केस केली म्हणून?"

आम्रपाली आतून म्हणाली, "सूर्यानं नाही भाऊजी, आम्ही केली."

त्यानंतर त्या घरून वाटी-ताट येणं बंद झालं. नूतन बोळीतून जाताना मान वळवायची. चंपाबाईला ते उन्हापेक्षा जास्त लागलं. तिनं एकदोनदा आम्रपालीला म्हटलं, "काढून घे व अर्ज." पण भिंतीकडे पाहिलं की तोंड बंद व्हायचं.

मे महिन्यात नगरपालिकेतून फोन आला. उपयंत्री, म्हणजे तिथल्या इंजिनिअर, मयुरी मॅडम मोक्यावर येऊन जागा पाहणार होत्या. कोणत्या दिवशी यावं, म्हणून विचारत होत्या. आम्रपालीनं फोन सासूच्या कानाला लावला.

चंपाबाई म्हणाली, "बुद्धपुन्निमेले या मॅडम. बारा वाजता."

आणि इथंच ती चुकली. चूक तिच्याच घरात होऊ शकते अशी होती. तिच्या मनात दुसरा दिवस येणंच शक्य नव्हतं. सरकारी माणूस पहिल्यांदा घरात येणार, घर धुतलेलं हवं, मूर्तीला नवं वस्त्र हवं, खीर हवी. वैशाखी पौर्णिमेहून चांगला दिवस कोणता? आणि पाहुणा इतक्या पवित्र दिवशी यायला तयार असताना नाही कोण म्हणेल?

त्या दिवशी दारावर पंचशीलाचा ध्वज नव्या बांबूवर चढला. अंगणात रांगोळी. चंपाबाई पहाटेपासून पांढऱ्या लुगड्यात. बाराला पाच कमी असताना मयुरी मॅडम आल्या. मराठी बोलणाऱ्या, गोंदियाकडच्या. मागोमाग वीरेंद्र, हातात नक्शाची गुंडाळी. नूतन बोळीतच उभी.

"दाखवा आजी, कुठं येतं ऊन?"

चंपाबाईनं मूर्तीकडे बोट केलं. सगळ्यांनी पाहिलं. बारा वाजले. रोशनदानात डोळे दिपवणारा उजेड होता, पण आत काही उतरलं नाही. वैशाखाचा सूर्य अगदी डोक्यावर. ऊन रोशनदानाच्या चौकटीच्या जाडीतच संपत होतं. मूर्ती सावलीत, शांत.

बारा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली.

वीरेंद्र हळूच म्हणाला, "मॅडम, इथं तं ऊनच येत नाही. मी अडवतो काय?"

आम्रपाली सासूच्या कानाशी लागली. "आई, तुमाले मालूम होतं ना? उन्हाळ्यात येत नाही म्हणून?"

"मालूम होतं."

"मंग?"

"पुन्निमा होती ना व," चंपाबाई म्हणाली.

मयुरी मॅडमनी फाईलवर लिहिलं. खीर खाल्ली, दुसरी वाटीही घेतली. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "आजी, खरं सांगते. डिसेंबरात आले असते तरी माझ्या हातात फार नव्हतं. बाजूला किती जागा सोडायची ते नियमात आहे, आणि ती यांनी सोडली आहे. उन्हाचं नियमात काही लिहिलेलं नाही."

म्हणजे आपत्ती संपली. नक्शा मंजूर होणार. वीरेंद्र जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकलेल्यासारखा नव्हता. चंपाबाई म्हणाली, "बापू, संध्याकाळी परित्राण पाठ हाय. नूतनले घेऊन ये. खीर हाय." तिच्या घरची रीतच तशी. सणाला शेजारी बोलवायचा म्हणजे बोलवायचा.

संध्याकाळी, उन्हं अजून भिंतींवर होती तेव्हा, भन्तेजी आले. परित्राण पाठाला पांढरा सुताचा धागा लागतो. तो मूर्तीपासून निघतो, पाण्याच्या कलशाला वेढा घेतो आणि बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून जातो. पाठ संपला की त्याचेच तुकडे करून मनगटावर बांधतात. चंपाबाईच्या खोलीत वीसेक माणसं मावतात, बाकीची बोळीत सतरंजीवर बसतात. दारातून धागा नेला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येतो, म्हणून तो मूर्तीच्या पायांपासून सरळ वर, रोशनदानातल्या खिळ्यावर टेकवून बोळीत सोडायचा, हा पुनारामच्या वेळेपासूनचा प्रघात. तीस वर्षं चंपाबाईला वाटत आलं होतं, खिळा त्याच्यासाठीच आहे.

पाठ चालू होता. मन पाठात ठेवायचं, पण आज तिचं मन दुपारच्या लाजेत अडकलेलं. डोळे मूर्तीच्या पायांशी गेले. तिथून धाग्यावर चढले. धागा ताणलेला, पांढरा, सावलीतही उजळ. पायांपासून खिळ्यापर्यंत. तिनं तो शेकडो वेळा पाहिला होता. आज पहिल्यांदा दिसला.

तीच तिरपी वाट. तेवढाच कल. सहा डिसेंबरला पट्टी जिथून उतरते, बरोबर तिथूनच.

खाली पाय, वर खिळा. दोन धागे आणि त्यांच्या आड दिवा. तो माणूस तीस वर्षं जमिनीखाली हेच करत होता. घरात त्यानं पहिली खूण पायांशी केली, दुसरी खिळ्याला, आणि त्या दोघांच्या आड जो दिवा धरला तो आभाळातला. रेघ आता अंधारात जात नव्हती. आणि कधी लागंल म्हणून ती तिथं ठोकून ठेवून तो निघून गेला होता. बाराही महिने ती रेघ इथंच होती. ऊन असो, नसो.

पाठ संपला. भन्तेजींनी धागा तोडायला हात पुढं केला.

"तोडू नका!" चंपाबाई म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की एक लेकरू रडायला लागलं.

भन्तेजी थांबले. "काय झालं बाई?"

"थोडा वेळ. वीरेंद्र! वीरेंद्र कुठं हाय?"

वीरेंद्र बोळीत, धाग्याच्या शेवटच्या टोकाशी, हातात रीळ धरून बसलेला. कोणीतरी त्याला तिथं बसवून दिलं होतं.

"ते रीळ घेऊन तुया छतावर चढ," चंपाबाई बोळीत येऊन म्हणाली. "धागा ताणून धर. खिळ्याले टेकला पायजे, पन खिळ्यावर मोडला नाही पायजे. आम्रपाली, तू स्टुलावर चढ अन् खिळ्याकडे पाह्य."

वीरेंद्रनं नूतनकडे पाहिलं. नूतन म्हणाली, "जा ना. बसल्या बसल्या खीर भेटते का?"

तो वर गेला. पौर्णिमेच्या संध्याकाळी अख्खी बोळ मान वर करून पाहत होती. छताच्या काठाशी त्यानं धागा ताणला.

"वर घ्या भाऊजी, वर!" आम्रपाली आतून ओरडली. "मोडून राह्यला! अजून वर... बस, बस! आता सरळ झाला!"

धागा त्याच्या कमरेशी होता.

"आता मागं सरक," चंपाबाई म्हणाली.

एक पाऊल मागं गेला तर धागा तेवढाच वर. छातीशी. आणखी एक पाऊल, गळ्याशी. मग हात वर करावा लागला. मग हातही पुरेना. कोणीतरी दारावरचा ध्वज मानानं उतरवून घेतला आणि नुसता बांबू वर पोचवला. वीरेंद्रनं बांबूच्या टोकाला धागा बांधला आणि मागं, मागं जात राहिला. पाण्याच्या टाकीजवळ बांबू उभा राहिला तेव्हा धागा त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर होता. काठापासून आठ फूट.

तो तिथं उभा राहून धाग्याकडे पाहत होता. त्याच्या छतावरून, बोळीवरून, खिळ्यावरून, खाली अंधाऱ्या खोलीत बुद्धाच्या पायांपर्यंत एकच रेघ. कुठंही मोडलेली नाही.

"म्हणजे ऊन इथून येते," तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही. स्वतःशीच.

"हौ बापू. इथूनच."

"अन् हे काकांनी..."

"त्यायनंच."

भन्तेजीही मान वर करून उभे होते. वीरेंद्रनं बांबू टाकीच्या पाइपाला सुतळीनं बांधला, खाली आला, वाटीभर खीर खाल्ली आणि काही न बोलता घरी गेला.

"काही बोलले नाही," आम्रपाली म्हणाली.

"धागा तोडला का त्यानं?"

"नाही. बांधून ठेवला."

"मंग झालं," चंपाबाई म्हणाली. पण तिला तरी कुठं खात्री होती? मनगटावरचे धागे त्या दिवशी दुसऱ्या रिळातून बांधले गेले.

धागा पंधरा दिवस राहिला. सकाळी वंदनेला बसली की चंपाबाई त्याच्यावरून नजर वर नेई. मग एका दुपारी वावटळ आली, पत्रे वाजले, धागा तुटला, बांबू आडवा झाला. चंपाबाईनं आपल्या बाजूचं लोंबणारं टोक गुंडाळून मूर्तीच्या पाटाखाली ठेवलं. वीरेंद्रला विचारायला गेली नाही. एकदा सांगून झालं होतं, एकदा कागदानं सांगून झालं होतं, एकदा धाग्यानं. चौथ्यांदा सांगणं म्हणजे मागणं. त्याच्या छताकडे पाहायचंही तिनं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी दार वाजलं. नथ्थू मिस्त्री. खांद्यावर पिवळी नायलॉनची दोरी, भिंत रचताना लावतात ती.

"बाई, आतलं टोक कुठं बांधू?"

"कोणतं टोक?"

"वीरेंद्रबाबूनं सांगितलं, काम तुमच्या घरातून सुरू करा. मी मनलं, बाबू, घर तुमचं अन् दोरी शेजाऱ्याच्या घरातून? ते मनले, तू जा, बाई सांगतील." त्यानं मूर्तीला हात जोडले, मग खिळ्याकडे मान वर केली. बराच वेळ पाहिलं. "हा खिळा कोणी ठोकला?"

"घरच्यायनं."

"मिस्त्री होते का?"

"खाणीत धागा धरत होते."

"तरीच," नथ्थू म्हणाला, आणि चप्पल दाराबाहेर काढून मग आत आला.

नूतननं त्या दिवशी बोळीतून हाक मारली, तीन महिन्यांनी. "काकी! माही बालकनी गेली बरं! खोल्या रस्त्याच्या अंगाले ढकलल्या अन् मोकळं छत तुमच्या अंगाले. लोकं हसतील, मनतील यायची बालकनी पाठीमागं हाय."

चंपाबाई दारात आली. "तुले मिरवणुका पाहाच्या होत्या ना व रस्त्यावरच्या..."

"मिरवणूक वर्षातून दोनदा. वाळवण रोजचं असते. मागं मोकळं छत भेटलं, चांगलंच झालं." आणि डबा पुढं केला. आत करंज्या, दिवाळी नसताना.

नवा नक्शा मयुरी मॅडमकडे गेला, मंजूर झाला. पावसाळा संपता संपता स्लॅब टाकून झाला. दिवाळीला वीरेंद्रचे आई-बाप आले. नोव्हेंबरात पट्टी जमिनीवरून मूर्तीकडे सरकत आली, पण चंपाबाई दुपारी मुद्दाम स्वयंपाकघरात बसे. आधी पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. रेघ पुनारामची, दोरी नथ्थूची, तरी मनात धाकधूक. भिंत चार बोटं पुढं आली असली तर? काठाची भिंत उंच झाली असली तर?

सहा डिसेंबर. आभाळ स्वच्छ. साडेअकरालाच खोली भरली. मयुरी मॅडम आल्या, या वेळी फाईल नव्हती. वीरेंद्र मिलमधून अर्धी सुट्टी टाकून आला आणि दाराशी बसला. बारा वर्षांचा शेजार, पण ऊन त्यानं आतून कधी पाहिलं नव्हतं.

वंदना झाली. सगळ्या नजरा रोशनदानाकडे. घड्याळात बारा.

काही नाही.

बारा वाजून एक मिनिट. मूर्ती सावलीत. चंपाबाईच्या हातातली निळीची काडी ओली झाली, घामानं. तिनं डोळे मिटले. ठीक आहे, तिनं स्वतःला सांगितलं. सगळं बदलतं, हे रोज म्हणतेस ना? मग आज म्हण.

वीरेंद्र ताडकन उठला. "असं कसं? दोरीवर केलं! दोरीच्या बाहेर एक वीट नाही!" आणि चपला न घालताच पळाला. बोळीतून त्याचा आवाज आला, मग वरून, छतावरून, एवढा मोठा की दोन वॉर्डांनी ऐकला असेल:

"नूतन! ए नूतन! गोदड्या!"

नूतन खोलीतच, बायांच्या मधे बसलेली. तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! बाबूजींच्या गोदड्या! सकाळी दोरीवर वाळत टाकल्या मी!"

वर धपाधप गोदड्या पडल्याचा आवाज आला. एक. दोन. आणि तिसरी पडली तसं ऊन आलं.

सरकत आलं नाही. एकदम, जसं कोणी दार उघडावं. रोशनदानातून खाली, खिळ्याला घासून, धुळीचे कण उजळवत, पाटापर्यंत. आणि पायांवर. खालची कड निळ्या ठिपक्यावर.

कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, नूतन दोन्ही करत होती. वीरेंद्र धापा टाकत दारात आला. अनवाणी, खांद्यावर एक गोदडी तशीच. त्यानं पाहिलं. मग गोदडी हळूच खाली ठेवली, जसं काही ती वाजेल.

चंपाबाई म्हणाली, "ये बापू. आता जाईल ते. लवकर ये."

तो आत आला. तिनं त्याच्या हातात निळीची काडी दिली.

"काय करू?"

"कड टेकली तिथं ठिपका दे."

तो वाकला. भिंतीजवळ तोंड नेऊन पाहू लागला. "काकी, तुमी तं मनत होत्या तीस ठिपके आहेत."

"आहेत ना."

"मले तं एकच दिसून राह्यला."

"तोच," चंपाबाई म्हणाली.

त्याच्या हातावर ऊन होतं. मग त्यानं काडी जपून टेकवली, जुन्या ठिपक्यावर, बरोबर मधोमध. काडी उचलली तेव्हा भिंतीवर काहीच बदललं नव्हतं.

उन्हाची पट्टी पूर्वेकडे सरकायला लागली होती. त्यानं विचारलं, "उद्याही येते का?"

"महिनाभर येते. रोज जरा वर, मंग खाली."

"मंग नूतनले सांगतो," तो म्हणाला, "महिनाभर बारा वाजता गोदड्या नाही."

"ऐकलं!" नूतन मागून म्हणाली. "मले कान आहेत. अन् खांद्यावर आणली ती गोदडी उचला आधी. ओली हाय, काकीची जमीन खराब होऊन राह्यली."